दुसऱ्यांदा फिरलेली सुई

डॉक्टरांनी चिमट्यात धरलेला तुकडा काचेच्या बशीत टाकला तेव्हा टण्‌ असा आवाज झाला. बोटाच्या पेरापेक्षा लहान, पण कडा पात्यासारख्या. दामू बारबोल्यांच्या सुनेच्या गळ्यातून तो निघाला होता. सून, स्नेहल, दोन तासांपूर्वी गेली होती. तोंडावर, छातीवर वितळलेलं मीठ उडालं होतं, त्यामुळं सासऱ्यानं तिला पायातल्या जोडव्यांवरून ओळखलं.

"घ्या मॅडम, तुमचा माल," डॉक्टर म्हणाले. रागानं नव्हे, थकून. "सकाळपासून सतरा काढलेत."

गौतमी गंगावणेनं बशी हातात घेतली. बार्शीच्या वस्तुतपासणी केंद्राची ती तपासनीस. बाजारात विकलेली वस्तू फुटली, पेटली, कुणाच्या जिवावर उठली, की तिचे तुकडे गोळा करायचे आणि ती का फुटली ते शोधायचं, हे तिचं काम. तिनं तुकडा नळाखाली धुतला. रक्त गेल्यावर चकचकीत धातूवर दोन अक्षरं दिसली. 'भेट'.

म्हणजे 'सप्रेम भेट' मधलं. तिला त्या वेळी त्यात काही वेगळं वाटलं नाही. नाव न घातलेलं भांडं आपल्याकडं कुणी घरात ठेवतं का? तिनं तुकडा पिशवीत टाकला, पिशवीवर आकडा लिहिला: अकरा. दोन महिन्यांतला हा अकरावा स्फोट होता आणि तिसरा मृत्यू.

बाहेर आरडाओरडा चालला होता.

नगरपालिकेसमोर ही फुटणारी भांडी बनवणाऱ्या कंपनीचं दुकान होतं. ती धावत पोचली तोवर शटर वाकवून माणसं आत घुसली होती. गल्ल्याखाली लपलेल्या निवृत्ती ढेकळेला चौघांनी पाय धरून ओढून काढलं. निवृत्ती कंपनीचा कारागीर. घरोघरी जाऊन नवं भांडं मांडून द्यायचं, कसं वापरायचं ते शिकवायचं, एवढंच त्याचं काम. चाळिशीचा, चार घरी चहा पिणारा माणूस. त्याला मारणाऱ्यांतल्या निम्म्यांना त्यानंच भांडी मांडून दिली होती.

"मी न्हाई केलं ओ काका! मी नुसता जोडून देतो!"

"मग जोड आता माझी सून!" दामू बारबोले ओरडले आणि त्यांनी त्याच्या बरगडीत लाथ घातली. तेलगिरणीत उभी हयात गेलेला दणकट माणूस. हाड मोडल्याचा आवाज गौतमीला रस्त्यापलीकडं आला.

ती गर्दीत शिरायला बघत होती. कुणीतरी तिला ढकलून दिलं. पडता पडता तिला दिसलं, गर्दीच्या पुढं पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा उभा आहे, हातात मुठीएवढा दगड आहे, आणि त्यानं हात मागं नेलाय.

"आबा!" ती किंचाळली.

दगड सुटला. निवृत्तीच्या उजव्या डोळ्यावर बसला. मग तो ओरडायचा थांबला.

तो म्हातारा तिचा बाप होता.

*

गॅसच्या टाक्या बंद होऊन सहा वर्षं झाली होती. त्या जागी आलेल्या भांड्याला कंपनीनं कसलंसं संस्कृत नाव दिलं होतं, लोक मात्र त्याला 'बिनजाळी' म्हणायचे. दुहेरी भिंतीचं पातेलं. दोन भिंतींच्या मध्ये एक प्रकारचं मीठ भरलेलं. छपरावरच्या सौरपाट्यांची वीज दिली की मीठ तीनशे अंशांवर वितळायचं आणि दिवसभर ती उष्णता धरून ठेवायचं. ना जाळ, ना धूर. सकाळी वरण, दुपारी भात, संध्याकाळी पुन्हा चहा.

इतकं तापलेलं मीठ दाबून धरायचं तर साध्या पोलादाचं भांडं वीस किलोचं झालं असतं. म्हणून भिंत काचधातूची केली होती. वितळलेला धातू इतक्या झपाट्यानं थंड करायचा, की त्याच्या अणूंना रांगेत उभं राहायला वेळच मिळू नये. मग तो काचेसारखा गोठतो. त्यानंतर त्याच्या बाहेरच्या कातडीत मोठ्या आकाराचे अणू कोंबायचे. गच्च भरलेल्या देवळात आणखी माणसं रेटल्यासारखं होतं. कातडी सगळ्या बाजूंनी दाबली जाते आणि आतला गाभा तेवढ्याच जोरानं ताणला जातो. दाब आणि ताण एकमेकांना धरून असतात तोवर असलं भांडं दुसऱ्या मजल्यावरून पडलं तरी त्याला पोचा येत नाही.

कातडीची जाडी चाळीस मायक्रॉन. केसाच्या निम्मी. तिच्यावर ओरखडा उठला तर दाबामुळं तो मिटलेलाच राहतो. पण ओरखडा कातडी ओलांडून ताणलेल्या गाभ्यात उतरला, की गोष्ट बदलते. भांडं दर वेळी तापलं की चीर इवलीशी पुढं सरकते. कुणाला दिसत नाही, ऐकू येत नाही. आणि एक दिवस ती आवाजाच्या वेगानं भांडंभर धावते.

हे गौतमीला पुस्तकातून ठाऊक होतं. पण बार्शीतल्या भांड्यांवर इतका खोल ओरखडा येतो कुठून, हे ठाऊक नव्हतं. आणि बार्शीतच का? अकलूजला, करमाळ्याला तीच भांडी होती. तिथं एकही फुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे केळुसकर साहेब केंद्रावर आले. गुळगुळीत दाढी, मवाळ आवाज.

"मॅडम, आम्ही भांडत नाही. सातव्या लॉटमध्ये दोष होता, असं आम्ही लिहून देतो. तुम्हीही तसंच लिहा. लोकांनी सातवा लॉट परत आणून टाकलाच आहे. सगळे शांत होतील."

"फुटलेल्या अकरातली चार तिसऱ्या लॉटची आहेत, साहेब. दोन नवव्या."

"चार-दोन इकडंतिकडं व्हायचीच."

"तुम्ही स्वतःहून दोष घ्यायला आलात, असं मी पहिल्यांदाच बघतेय."

केळुसकर हसले. "लोकांना कुणाची तरी मान हवीय, आम्ही देतोय. कारखान्यात नऊशे माणसं आहेत. एक लॉट गेला तर कारखाना जगतो. तुम्ही उगाच खोल जाऊ नका."

ते गेल्यावर तिनं भांड्यासोबत येणारी चौसष्ट पानी पुस्तिका पुन्हा काढली. एकेचाळिसाव्या पानावर, मुंगीएवढ्या टायपात एक ओळ होती: बाह्य पृष्ठावर चाळीस मायक्रॉनपेक्षा खोल ओरखडा टाळावा. पुस्तिका इंग्रजीतून उतरवलेली होती. गावात ती ओळ कुणी वाचली असेल, असं तिला वाटलं नाही.

केंद्राचे नियम थोडे आणि कडक होते. काय फुटलं, कुठून फुटलं, का फुटलं, एवढंच लिहायचं. चांगला-वाईट, दुष्ट-बिचारा असले शब्द नाहीत. आणि ज्यानं तपासलं त्यानंच तो अहवाल लोकांपुढं उभं राहून, स्वतःच्या तोंडानं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा. पूर्ण वाचल्याशिवाय अहवाल पुरा झाला असं धरत नसत. फिर्यादी आणि कंपनी दोघांच्या डोळ्यांत बघून जे वाचता येणार नाही, ते लिहूच नये, असा त्यामागचा विचार.

*

घरी आबा ओसरीवर कामाला बसले होते. भगवान गंगावणे, वय एकाहत्तर. सगळी बार्शी त्यांना 'नाववाले आबा' म्हणायची. भांडे गल्लीत कुणीही लग्नाचं, मुंजीचं, निरोपाचं भांडं घेतलं की नाव घालायला आबांकडं. पूर्वी छिन्नी-हातोडी होती, आता विजेची सुई. अक्षर मोत्यासारखं. लोक म्हणायचे, आबांनी घातलेलं नाव नातवंडांनाही वाचता येईल.

"निवृत्तीचा डोळा गेला," गौतमी म्हणाली.

आबांनी सुई थांबवली नाही. "स्नेहलचा जीव गेला. आपल्या अंगणात खेळलेली पोर ती."

"त्यानं काय केलं होतं?"

"कंपनीची चाकरी केली. तू लिही की त्या कागदात, कंपनी खुनी हाय म्हणून. त्यात काय तपासायचं राहिलंय? का तुलाबी केळुसकरानं पेढे दिलेत?"

"आबा, खुनी वगैरे तिथं लिहिता येत नाही."

"मग कशाला शिकवलं तुला एवढं?" ते फिसकन हसले. "बापाला येत न्हाई आन्‌ लेकीला लिहिता येत असून लिहायचं न्हाई. झ्याक घर हाय आपलं."

हे ते हळू बोलले, कारण गल्लीत हे कुणाला माहीत नव्हतं. नाववाल्या आबांना वाचता येत नव्हतं. गिऱ्हाइकाकडून ते नाव चिठ्ठीवर लिहून घ्यायचे. "नावात चूक नको बाबा, लिहूनच दे," म्हणायचे. मग ती चिठ्ठी समोर ठेवून रांगोळी उतरवावी तशी अक्षरं उतरवायचे. काम झालं की चिठ्ठी तारेत ओवायची. न जाणो, कुणी म्हणालं चूक झाली, तर पुरावा हवा. बिनजाळीच्या चिठ्ठ्यांना त्यांनी वेगळी तार केली होती. नव्या जमान्याचं भांडं म्हणून कौतुकानं. ती तार खुंटीला लोंबत होती, चिठ्ठ्यांनी जाड झालेली.

*

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास तिला सगळं कळलं.

अकराही भांड्यांचे तुकडे तिनं जुळवून मांडले होते. भिंगाखाली प्रत्येक चीर मागं मागं न्यायची, जिथून निघाली तिथंपर्यंत. अकराच्या अकरा चिरा भांड्याच्या गळ्याखालच्या मोकळ्या पट्टीत जाऊन थांबल्या. तिथं नाव होतं. चीर निघाली होती ती अक्षरातून. स्नेहलच्या भांड्याची तर 'भेट' मधूनच.

केंद्राच्या मागं लोखंडी कोठी होती. तिच्यात भांडं ठेवून यंत्रानं भराभर तापवायचं, गार करायचं. बिननावाचं भांडं तिनं हजार वेळा तापवलं, काही झालं नाही. अकलूजहून मागवलेलं, तिथल्या कारागिरानं नाव घातलेलं भांडं हजार वेळा तापवलं. काही नाही. आबांनी नाव घातलेलं, लोकांनी परत केलेलं एक भांडं ठेवलं. दोनशे बाराव्या वेळी कोठी हादरली. आत वितळलेलं मीठ भिंतींवरून ओघळत होतं आणि एक तुकडा अर्ध्या इंचाच्या पत्र्यात रुतला होता. तिच्या मनात आलं, असाच तुकडा माणसाच्या गळ्यात कसा गेला असेल.

मग तिनं घरून आपलं भांडं आणलं. तेही आबांनीच नाव घातलेलं, त्याच सातव्या लॉटचं, तीन वर्षं रोज वापरलेलं. वर फक्त एक शब्द, 'गौतमी'. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. खाच तीस मायक्रॉन, एकेरी, स्वच्छ. कातडीच्या आतच.

बाकीच्यांची खाच मोजली. साठ. पासष्ट. आणि तळाशी दोन रेघा, एकीवर एक.

तिला ओसरीवर वाकलेली ती पाठ दिसली. लिहिता येणारा माणूस नाव एकदाच लिहितो. आबा आधी अक्षराचा आकार उतरवायचे, मग चिठ्ठीशी ताडून त्याच रेघेवरून पुन्हा सुई फिरवून तो पक्का करायचे. प्रत्येक अक्षर, प्रत्येक भांडं. फक्त एक नाव त्यांना चिठ्ठीशिवाय यायचं. ती पहिलीत असताना पाटीवर गिरवायची, तेव्हा शेजारी बसून त्यांनी ते शिकून घेतलं होतं. त्या नावावरून सुई एकदाच फिरली होती.

म्हणजे लॉटचा संबंधच नव्हता. सातवा लॉट परत करून बाकीचे निर्धास्त झाले होते, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात आबांच्या हातची भांडी रोज तापत होती.

गौतमीनं अहवाल लिहायला घेतला आणि थांबली. तपासनिसाच्या घरच्या माणसाचा संबंध असेल तर तपास दुसऱ्याकडं द्यावा, असाही नियम होता. तिनं सोलापूरच्या मुख्य कार्यालयाला ई-पत्र पाठवलं: नाव घालणारा कारागीर माझे वडील आहेत, दुसरा तपासनीस द्यावा. तिथून तासाभरात उत्तर आलं, पंधरा दिवस थांबा.

नियमाप्रमाणं तिचं काही चुकलं नव्हतं. न्यायानं वागल्याचं समाधानही वाटत होतं. त्या समाधानाच्या आडोशाला भीती बसली होती हे तिला दिसत होतं, पण त्या संध्याकाळी तिनं तिकडं पाहिलं नाही. सकाळी बघू, असं म्हणून ती घरी गेली.

बुधवारी सकाळी साडेनऊला शेवंताबाईंच्या घरातलं भांडं उडालं.

शेवंताबाई शाळेत शिपाई होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा शिक्षकांनी वर्गणी काढून बिनजाळी दिली, नाव घालून. दोन घरं पलीकडं राहायच्या. गौतमीची आई गेल्यावर तिची वेणी त्यांनीच घातली होती. गौतमी पोचली तेव्हा भिंतीवर पोहे चिकटले होते आणि शेवंताबाई स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून बसल्या होत्या, जणू दम खात. चेहरा शाबूत होता. पाठ नव्हती.

तिनं तुकडे गोळा केले. पिशवीवर बारा लिहिलं. मग ती बाहेर येऊन भोंग्याची रिक्षा शोधायला निघाली.

*

तासाभरात भोंगा लावलेली रिक्षा गावात फिरू लागली. "नाव घातलेली सगळी बिनजाळी भांडी बंद करून अंगणात काढा, दूर राहा. एक वाजता बाजार समितीच्या लिलाव ओट्यावर अहवालाचं वाचन." लोकांनी ऐकलं आणि हसले. रिक्षावर कुणी चप्पल फेकली. आता म्हणे नावामुळं फुटतंय! कंपनीनं काय डोकं चालवलंय! एकही भांडं अंगणात आलं नाही.

वाचनाआधी गौतमी घरी गेली. आबांना समोर बसवून तिनं सगळं सांगितलं. मोजमाप, दोन रेघा, तिचं स्वतःचं भांडं.

आबांनी तिच्या कानशिलात मारली. एकाहत्तर वर्षांच्या हातात इतका जोर असेल, असं तिला वाटलं नव्हतं. ओठ फुटला.

"मी मारलं व्हय शेवंताला? मी?"

तिनं पदरानं ओठ पुसला.

"स्नेहलच्या भांड्यावर मी तिचं नाव घातलं तवा तिची आई समोर बसली व्हती. 'आबा, चांगलं ठसठशीत घाला' म्हणली. म्हणून घातलं." ते आपल्या हाताकडं बघत राहिले. "दोनदा फिरवली म्हणून?"

"हो."

"एकदाच फिरवली असती तर?"

"तर नसतं फुटलं."

आबांनी सुई उचलून डबीत ठेवली. मग म्हणाले, "जा. वाच तू."

"तुम्ही येऊ नका आबा. घर आतून लावून घ्या."

"जा म्हणलं ना."

*

लिलाव ओट्यासमोर दीड-दोन हजार माणसं होती. पुढं दामू बारबोले, मुंडण केलेले. एका कडेला केळुसकर, दोन पोलिसांच्या मध्ये. दुसऱ्या कडेला डोळ्यावर पट्टी बांधलेला निवृत्ती ढेकळे खांबाला धरून उभा. साक्षीदार म्हणून त्याला दवाखान्यातून आणलं होतं.

गौतमीनं वाचायला सुरुवात केली. काय फुटलं. कुठून फुटलं. परिच्छेद चार, पाच. कंपनीनं ओरखड्याचा धोका एकेचाळिसाव्या पानावर छापला. विक्रेत्यांना तोंडी सांगितला नाही. ज्या देशात भांड्यावर नाव घालतात तिथं विकताना नाव घालून भांडं तपासलं नाही. गर्दीतून शिट्ट्या आल्या. केळुसकरांनी मान खाली घातली. परिच्छेद सहा. निवृत्ती ढेकळे यांनी केलेल्या जोडणीचा स्फोटांशी संबंध आढळला नाही. शिट्ट्या थांबल्या.

"परिच्छेद सात. बाराही भांड्यांवर नाव घालण्याचं काम भगवान गंगावणे यांनी केलं. ते तपासनिसाचे वडील आहेत. त्यांच्या कामात प्रत्येक रेघेवरून सुई दोनदा फिरते. खाच साठ ते पासष्ट..."

"विकली गेली!" दामू ओरडले. "बापाचं नाव घालून नाटक करती! कंपनीनं विकत घेतली हिला!"

"परिच्छेद आठ. अशी सर्व भांडी, लॉट कुठलाही असो..."

दगड तिच्या कपाळावर बसला. कागदावर रक्त सांडलं आणि ती गुडघ्यांवर आली. लोक ओट्याकडं सरकले. तेवढ्यात कुणीतरी मागून ओट्यावर चढलं. पांढरी टोपी. खांद्याला चिठ्ठ्यांची तार.

"ती खरं वाचतीया," आबा म्हणाले. "मीच केलं."

"आबा, उतरा खाली! लेकीला वाचवायला खोटं बोलू नका!"

"खोटं न्हाई. मला वाचता येत न्हाई."

एकदोघं हसले. नाववाल्या आबांना वाचता येत नाही? दामू ओट्यावर चढले, खिशातला एक कागद काढून त्यांनी आबांच्या डोळ्यांपुढं धरला. "वाचा."

आबांनी कागद हातात घेतला. त्यावरच्या पहिल्या अक्षरावरून बोट फिरवलं, पण ते कुठलं ते त्यांना सांगता आलं नाही. दीड-दोन हजार माणसांनी ते पाहिलं.

तो स्नेहलच्या दहाव्याचा कागद होता. वर तिचं नाव मोठ्या अक्षरात होतं.

"मी अक्षरं काढायचो," आबा म्हणाले. "नुसती काढायचो. नीट यावीत म्हणून दोनदा. तुमच्या घरातली भांडी बाहेर काढा रं."

दामूंच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही. ज्याच्या बरगड्या मोडल्या तो निवृत्ती निर्दोष होता आणि ज्याच्या खांद्याला खांदा लावून त्या मोडल्या तो हा म्हातारा. ओट्यावर काट्याची लोखंडी वजनं होती. दामूंनी पाच किलोचं उचललं. दुसऱ्यानं आबांना खाली पाडलं, तिसऱ्यानं उजवा हात फळीवर दाबून धरला. वजन दोनदा खाली आलं. पहिल्यांदा बोटं गेली. दुसऱ्यांदा मनगट. गौतमी मध्ये पडली, तिच्या पाठीत लाथा बसल्या. पोलीस लांबच होते. चहूकडून माणसं ओट्यावर चढत होती, "मारा" एवढंच ऐकू येत होतं.

निवृत्तीनं खांब सोडला. बरगड्या धरत तो ओट्यावर आला. पायाखाली पडलेली चिठ्ठ्यांची तार त्यानं उचलली. गौतमीच्या हातून पडलेला भोंगा उचलला. एका डोळ्यानं पहिली चिठ्ठी वाचली.

"हरिश्चंद्र मुंढे, सुभाषनगर! घरात कोण हाय?"

गर्दीत एक माणूस थबकला. "आई," तो म्हणाला. आणि पळत सुटला.

"कौतिक लोहार! वैशाली गव्हाणे, उपळाई रोड! अंबादास खुरंगळे! तुजी बायको मसाला कुटती, भांडं चालू असंल, मला ठावं हाय, मीच मांडून दिलंय!"

खुरंगळेनं आबांचा हात धरून ठेवला होता. तो सोडून तो ओट्यावरून उडी मारून गेला.

नाव वाजायचं आणि गर्दीतून एक माणूस गळायचा. कुणी अनवाणी, कुणी मुलाला काखेत मारून. निवृत्तीचा आवाज बसला तरी तो थांबला नाही. दोनशे चौदा चिठ्ठ्या होत्या. शेवटी मारणाऱ्यांतले दामू एकटे उरले, हातात वजन. चिठ्ठ्यांमध्ये स्नेहलची आली. निवृत्ती क्षणभर अडखळला, ती त्यानं वाचली नाही, दामूंच्या हातात दिली. दामूंनी वजन खाली ठेवलं आणि तिथंच बसले.

फळीवर पडलेले आबा डोळे मिटून ऐकत होते. आयुष्यभर काढलेली नावं ते पहिल्यांदा ऐकत होते.

"निवृत्ती," ते पुटपुटले, "लेका, तुझा डोळा..."

"गप पडा," निवृत्ती म्हणाला. "तुमच्यासाठी न्हाई वाचलं."

त्या दुपारी, परत केलेली सोडून उरलेली दीडशेच्या वर भांडी अंगणांत, परड्यांत, रस्त्यांवर आली. त्यातली तीन संध्याकाळच्या आत मोकळ्यावर फुटली. माणूस एकही गेला नाही.

*

दवाखान्यात आबांचा हात कोपरापर्यंत बांधला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उद्या कापावा लागेल. गौतमीच्या कपाळाला सात टाके.

"कागद कुठाय?" आबांनी विचारलं.

तिनं दाखवला. रक्तानं पानं चिकटली होती.

"मला वाचून दाखव. सगळा."

तिनं वाचला. एकही शब्द न गाळता, त्यांच्या नावासकट. आठव्या परिच्छेदानंतर थांबली.

"अजून एक पान दिसतंय."

"परिच्छेद नऊ." तिचा आवाज उतरला. "स्फोटाचं कारण तपासनिसाला मंगळवारी दुपारी चार वाजता कळलं. सूचना बुधवारी साडेदहाला दिली. मधल्या वेळात तपास दुसऱ्याकडं देण्याचा पत्रव्यवहार केला. त्याच वेळात शेवंताबाई कदम यांचा मृत्यू झाला."

आबा छताकडं बघत होते. "हे वाचलंस तिथं?"

"नाही. त्याआधीच दगड लागला."

"मग पुरा झाला न्हाई की कागद."

आबांनी डावा हात उचलून तिच्या फुटलेल्या ओठाला लावला, जिथं त्यांनी मारलं होतं तिथं. मग तो हात काढून घेतला.

"जा," म्हणाले.

शेवंताबाईंच्या दारात माणसं बसली होती. मुंबईहून त्यांचे दोन मुलगे आले होते. मधोमध पांढऱ्या चादरीत मृतदेह. गौतमी आली तशी बाया सरकल्या. तिला जवळची म्हणून पुढं जागा दिली. थोरला मुलगा उठून तिच्याजवळ आला, तिच्या कपाळावरच्या टाक्यांकडं बघून म्हणाला, "ताई, तुम्ही खरं बोललात म्हणून मारलं ना तुम्हाला? आई तुमचंच नाव घ्यायची नेहमी."

गौतमी बसली नाही. तिनं पिशवीतून कागद काढला, चिकटलेलं पान नखानं सोडवलं.

"थोडं वाचायचं राहिलंय," ती म्हणाली. "परिच्छेद नऊ."

तिसऱ्या ओळीला थोरल्याचा चेहरा बदलला. चौथ्या ओळीला धाकटा उठून उभा राहिला. मागं कुणीतरी दाराचा अडसर उचलल्याचा आवाज आला.

ती शेवटच्या शब्दापर्यंत वाचत राहिली.